दाखला झाला का? : अंत्यविधी साहित्याच्या पिढीजात दुकानांची पार्श्वभूमी

घरात मयत झाली की नातेवाइकांना कळवाकळवी सुरू होते. त्याच गडबडीत कोणीतरी जाणता माणूस बाजूला होऊन एक वेगळा फोन लावतो, तो अंत्यविधी साहित्याच्या दुकानाला. पलीकडून दोनच प्रश्न येतात. उंची-वजन साधारण किती? आणि दाखला झाला का? पहिल्या उत्तरावर तिरडीचा बांबू ठरतो. दुसऱ्यावर बाकीचा सगळा दिवस ठरतो.

पुणे-मुंबईत आणि जिल्ह्याच्या बहुतेक गावी अशी दुकाने आहेत. खाली दुकान, वर किंवा मागे घर, दार रात्रभर अर्धे उघडे आणि गल्ल्यावर घरातलेच कोणीतरी. दुसरी-तिसरी पिढी हे काम पाहते आहे. या धंद्याचा इतिहास सांगताना लोक तिरडी, मडके आणि सरणावरच थांबतात. गेल्या पन्नास वर्षांत मात्र ही दुकाने बांबूपेक्षा कागदाच्या बाजूने जास्त बदलली आहेत.

गावात दुकान का नव्हते

जुन्या गावगाड्यात मर्तिकाचे सामान विकत घेण्याची वेळ येत नसे. वेळू बांधावर होता, मडके कुंभाराकडून बलुत्यात येई, तिरडी भावकी बांधी आणि खांदे द्यायला गाव असे. हे चित्र आठवणीत गोड वाटते, पण त्याची दुसरी बाजू गाळून चालणार नाही. मृत्यूचा सांगावा परगावी पोचवणे, सरणाची लाकडे मसणवट्यात नेऊन टाकणे ही कामे महार वतनदारांवर लादलेली होती, आणि त्याच्या बदल्यात मढ्यावरचे कापड हा त्यांचा ‘हक्क’ समजला जाई. १९२७ नंतरच्या चळवळीने असली कामे सोडण्याचा निर्धार केला. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने त्या वतनांचा कायदेशीर आधारच काढून घेतला. पैसे मोजून सामान आणणे हा त्या सक्तीच्या सेवेपेक्षा किती तरी स्वच्छ व्यवहार आहे.

शहरात गोष्ट वेगळी होती. वाड्यात आणि चाळीत बिऱ्हाडे होती, भावकी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगेच पुण्यात प्लेगची साथ आली. माणसे घरे सोडून माळावर राहायला गेली आणि चार खांदे मिळणेसुद्धा अवघड झाले. मर्तिकासाठी परक्याची मदत पैसे देऊन घ्यावी लागते, हे शहरी माणसाला अशा साथींनी शिकवले. दुकान चालवणारी घराणी साधारणपणे तीन बाजूंनी या कामात आली: बांबूकाम करणारी बुरूड कुटुंबे, जळाऊ लाकडाच्या वखारी चालवणारे, आणि पूजासाहित्य-किराणा विकणारे. कोण कुठून आले हे अजून दुकानात ओळखता येते. बुरूड घराण्याकडे बांबू चांगला असतो. पूजासाहित्यवाल्याकडे दहाव्या-तेराव्याची यादी बिनचूक असते.

सामान

तिरडीला (काही भागांत ताटी म्हणतात) दोन लांब दांडे लागतात, साधारण आठ फुटांचे. शरीराची उंची साडेपाच फूट धरली तर दोन्ही टोकांना खांद्यासाठी सव्वा-सव्वा फूट उरते. आडव्या कामट्या दीड ते दोन फुटांच्या असतात. त्या कमरेखाली आणि खांद्याखाली जवळजवळ बांधायच्या, कारण वजन तिथे येते. पायाकडे विरळ चालतात. वर गवत किंवा पेंढा आणि त्यावर कापड. बांबू ओला, हिरवा हवा. वाळलेला बांबू वरून मजबूत दिसतो, पण वजन आले की पेराच्या मध्ये उभा चिरतो. साठवलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि आत पीठ पडते, ते दांडा खांद्यावर घेईपर्यंत कळत नाही. म्हणून चांगला दुकानदार दांडा ग्राहकासमोर जमिनीवर आपटून दाखवतो. बांधायला सुतळी किंवा काथ्या. नायलॉनची दोरी स्वस्त असते, पण गाठ सरकते आणि भट्टीत वितळून चिकटते. सुतळी भिजली की गाठ उलट आवळते, त्यामुळे पावसाळ्यात तीच भरवशाची.

बांधलेल्या तिरड्या दुकानात उभ्या करून ठेवत नाहीत. ते अशुभ मानतात, शिवाय माप प्रत्येकाचे वेगळे असते हेही कारण आहे. ८०-९० किलोच्या शरीराला दांडा जाड लागतो आणि कामट्या जास्त. फोनवरचा पहिला प्रश्न त्यासाठीच.

बाकीची यादी घरोघरी थोडी बदलते. मांजरपाटाचे पाच मीटर कापड, दोन मडकी (एक अग्नीचे, दोरीत अडकवून कर्त्याने, म्हणजे अग्नी देणाऱ्याने, हातात न्यायचे; दुसरे पाण्याचे, फेऱ्यांसाठी), गोवऱ्या, कापूर, तूप, राळ, चंदनाचा तुकडा, तीळ, दर्भ, जवाचे किंवा तांदळाचे पीठ, गुलाल-बुक्का, फुले, तुळस. सवाष्ण गेली असेल तर हिरवे लुगडे, खण, हळदकुंकू, बांगड्या. लिंगायत घरी दफन असते आणि मृताला बसवून नेतात, म्हणून तिथे भस्म, विभूती, बेल आणि बसवण्यासाठी आधाराची सोय लागते. तान्ह्या मुलाला पुरतात, तेव्हा तिरडी नसतेच, मीठ मात्र जास्त लागते. मुसलमान घरी कफन न शिवलेले असते, पुरुषाला तीन कापडे आणि स्त्रीला पाच. बाकी व्यवस्था जमात पाहते, पण कापड अनेकदा याच दुकानातून जाते. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात शवपेट्या करणाऱ्या सुतार घराण्यांची परंपरा स्वतंत्र आहे. तिच्यासाठी वेगळी नोंद हवी.

सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त हरवणारी वस्तू म्हणजे अश्मा, म्हणजे जीवखडा. पाण्याच्या मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात तोच पुढे दहा दिवस पिंडाजवळ लागतो. मडके मागे टाकण्याच्या घाईत खडाही फेकला जातो, मग दहाव्याच्या दिवशी घाटावर शोधाशोध होते. जाणते दुकानदार खडा एका चिंधीत बांधून, कर्त्याच्या हातात न देता गुरुजींच्या किंवा घरातल्या एखाद्या शांत माणसाच्या हातात देतात.

लाकूड सहसा दुकानातून जात नाही, ते स्मशानात मिळते. जुने लोक ‘आठ मण’ म्हणत. पक्का मण साधारण ३७.३ किलोचा, म्हणजे हिशोब ३०० किलोच्या जवळ येतो, आणि आजही कोरड्या लाकडाचा अंदाज तेवढाच धरतात. ओले लाकूड असेल तर वजन पुरते, ज्वाला पुरत नाही. खाली जाड ओंडके आडवे, मध्ये हवेला वाट, छातीवर आणि मांड्यांवर वजनदार लाकूड. उष्णतेने स्नायू आखडतात आणि शरीर हलते, म्हणून वरचे वजन लागते. सरण नीट रचलेले नसेल तर एक बाजू जळून ते कलंडते आणि घरच्या माणसांना आयुष्यभर पुरेल असे दृश्य दिसते. एवढ्यासाठी तरी सरण रचणाऱ्या कर्मचाऱ्याला घाई करू नये.

विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी आल्यावर सामानाची यादी कमी झाली आणि ‘काय नको’ची यादी वाढली. ट्रॉलीत बसावी म्हणून तिरडीचे लांब दांडे काढावे लागतात. अख्खा नारळ आत फुटतो. हारांतल्या तारा, जरीचे प्लास्टिक, रबरी पिशवी, काचेच्या बांगड्या हे सगळे आधी काढायचे. पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावाच लागतो. त्याची बॅटरी तापून फुटते, भट्टीच्या विटांना तडे जातात आणि जवळच्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. घरचे लोक हे विसरतात, कारण पेसमेकर दहा वर्षांपूर्वी बसवलेला असतो. दुकानदाराने विचारायलाच हवे.

‘दाखला’ या एका शब्दाचा गुंता

मराठीत मृत्यूनंतरच्या निदान तीन वेगवेगळ्या कागदांना आपण ‘दाखला’ म्हणतो. त्यातून जेवढा मनस्ताप होतो तेवढा दुसऱ्या कशातून होत नाही. पिढीजात दुकानांचे आजचे महत्त्वही बरेचसे या गुंत्यातून आलेले आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. तो राज्यात १९७० पासून लागू झाला. त्याआधीही नगरपालिकांच्या नोंदवह्या होत्या आणि १८८६ चा एक ऐच्छिक नोंदणीचा कायदा होता, पण नोंद नसली म्हणून अग्नी अडत नसे. १९६९ नंतर मृत्यूची नोंद सक्तीची झाली आणि दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा कागदाची चौकशी सुरू झाली.

पहिला कागद डॉक्टरांचा. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४अ. त्यात मृत्यूचे वैद्यकीय कारण असते. दुसरा कागद म्हणजे स्मशानात न्यायची परवानगी. पुण्यात तिला ‘पास’ म्हणतात, आणि डॉक्टरांचा कागद दाखवल्यावर महापालिकेच्या ठरलेल्या ठिकाणी तो मिळतो. मुंबईत हे काम बहुतेक स्मशानातल्या नोंदणी कारकुनाकडेच होते, म्हणून मुंबईकर नातेवाईक पुण्यात आला की ‘पास कसला?’ असे विचारतो आणि तासभर जातो. तिसरा कागद म्हणजे नमुना ६, खरे मृत्यू प्रमाणपत्र, ज्यावर बँक, विमा, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरची वारस नोंद हे सगळे चालते.

आता घरचा माणूस दमून, रडून म्हणतो, ‘दाखला दिलाय डॉक्टरांनी.’ तो म्हणतो ते खरेच असते, पण त्याच्या मनात प्रमाणपत्र असते आणि हातात नमुना ४. तो कागद पासासाठी जमा होतो. महिनाभराने तोच माणूस बँकेत जातो, तिथला कारकून ‘दाखला’ मागतो, आणि हा म्हणतो की तो तर तेव्हाच घेतला. नोंदणी कार्यालयातून नमुना ६ स्वतंत्रपणे घ्यायचा असतो, हे कोणी सांगितलेलेच नसते.

नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, ३० दिवसांपासून वर्षापर्यंत प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर देणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते, म्हणून तिथे नोंद चुकत नाही. चुकते ती घरी झालेल्या मृत्यूची. नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, राहण्याच्या ठिकाणी होत नाही. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला आणि गावी नेऊन अग्नी दिला, तरी प्रमाणपत्र पुण्यातून घ्यायचे. गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालणारी कुटुंबे आजही दिसतात.

त्याहून मोठी चूक नावाची. रात्री दोन वाजता पुतण्या नाव सांगतो, वॉर्डातला कर्मचारी ऐकेल तसे लिहितो. वडिलांचे नाव राहते, आडनावाचे स्पेलिंग बदलते, बाईचे माहेरचे नाव लागते. तेच पुढे पासावर, नोंदवहीत आणि प्रमाणपत्रात जाते. आधार कार्डावर एक, प्रमाणपत्रावर दुसरे, आणि पैसे अडकतात. दुरुस्ती कायद्याच्या कलम १५ खाली होते, पण तिला प्रतिज्ञापत्रे आणि वेळ लागतो. म्हणून जुन्या दुकानांत फोनवर एक वाक्य ठरलेले असते: आधार कार्ड बरोबर घ्या आणि नाव त्यात बघूनच लिहून द्या.

नमुना ४अ चा प्रश्न सगळ्यांत कठीण. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच तो द्यायचा असतो. माणूस ८५ वर्षांचा, वर्षभर घरीच, जुने डॉक्टर निवृत्त झालेले, नव्यांनी कधी पाहिलेले नाही. अशा वेळी कोणता डॉक्टर सही करणार? सही न करणारा डॉक्टर निष्ठुर वाटतो, पण न पाहिलेल्या रुग्णाच्या मृत्यूचे कारण लिहिणे हा त्याच्यासाठी खरा धोका असतो. या बाबतीत नियम कडक करून व्यवस्था मात्र दिली गेली नाही, असेच म्हणावे लागते. शहरात एकटे राहणारे वृद्ध वाढले, घरी येऊन पाहणारे डॉक्टर कमी झाले, आणि मधली पोकळी ‘आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी भरली. प्रतिष्ठित घराणी ही ओळख वापरत नाहीत. ती आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवायला सांगतात. ते कागद पाहून तोच किंवा त्याच रुग्णालयातला डॉक्टर अनेकदा सही करू शकतो. ते जमले नाही तर पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदन हाच सरळ मार्ग उरतो. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर तो मार्ग सक्तीचाच. त्यासाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. पंचनाम्याची रीत तीच आहे, पण जुन्या कलमाचा आकडा पाठ असलेली माणसे अजून गोंधळतात.

नमुना ४ मधल्या कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच लिहिलेले अनेकदा दिसते. प्रत्येकाचे हृदय शेवटी बंदच पडते. ते मृत्यूचे स्वरूप झाले, कारण नव्हे. मूळ आजार लिहिला गेला नाही की आकडेवारी बिघडते, आणि घराचे नुकसान किती होऊ शकते हे २०२१ मध्ये कळले.

साथ आणि कारणाचा रकाना

१३ मार्च २०२० ला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, प्लेगच्या वेळचाच. दोन दिवसांनी केंद्राच्या मृतदेह हाताळणीच्या सूचना आल्या: गळणार नाही अशी पिशवी, बाहेरून १ टक्का हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण, स्पर्श नाही, अंघोळ नाही. पुढे अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. पिशवीतल्या देहाला तिरडी लागत नाही, त्यामुळे दुकानांतले मुख्य सामान एका महिन्यात थांबले. मडके मात्र लोक मागत राहिले. देह आत गेल्यावर दूर उभे राहून, रिकाम्या जागेभोवती फेरी मारून ते सोडायचे.

मुंबईत ३० मार्च २०२० ला महापालिकेने एक परिपत्रक काढले: कोविडने मृत्यू झालेल्या सगळ्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे. त्याच दिवशी ते बदलावे लागले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या दफनभूमींत दफनाला परवानगी कायम ठेवली. परिपत्रक बदलेपर्यंतच्या काही तासांत ज्या घरांवर तो दहनाचा आदेश लागू होणार होता, त्यांच्यासाठी तो ‘काही तासांचा’ नव्हता. साथीत माणसांना काय गमवावे लागते याचा विचार करणारा कोणी त्या टेबलाशी नव्हता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

खरा गुंता पुढच्या वर्षी झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडमृत्यूसाठी वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य ठरले. लोक मृत्यू प्रमाणपत्र घेऊन गेले, आणि त्यावर कारण नव्हते. ते असतच नाही: १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच लिहिले आहे की दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. कारण असते नमुना ४ मध्ये, आणि नमुना ४ तर पासाच्या वेळी जमा झालेला. ज्यांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता त्यांचे काम सोपे झाले. ज्यांच्या नमुन्यात फक्त ‘श्वसन बंद पडल्याने’ होते त्यांना तपासणीचे अहवाल, रुग्णालयाची बिले जमवत जिल्हा समितीपुढे जावे लागले. प्रमाणपत्रावर कोविड लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नका, असे न्यायालयाला ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट सांगावे लागले. ‘दाखला’ या शब्दाची ही किंमत होती.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात दुरुस्ती झाली. कारणाचे प्रमाणपत्र (नमुना ४ किंवा ४अ) निबंधकाकडे, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याकडे, पाठवायचेच, शिवाय त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. वर्षानंतरच्या उशिरा नोंदीचा अधिकारही आता जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आला. प्रतीची तरतूद फार आधी व्हायला हवी होती. ती असूनही ती मागणारे थोडेच आहेत, कारण त्या वेळी कोणाला काय मागायचे ते सुचत नाही.

नंतरच्या काळातले बदल

मुले अमेरिकेत, जर्मनीत गेली आणि ‘थांबवायचे आहे’ हा नवा निरोप येऊ लागला. पूर्वी बर्फाच्या लाद्या, भुसा आणि मीठ होते, आता भाड्याने शीतपेटी मिळते. पेटी देह ठेवण्याआधी तासभर चालू करून गार करावी लागते. आतले तापमान २ ते ४ अंश राहिले पाहिजे, आणि जुन्या वायरिंगच्या घरात एक्स्टेंशन बोर्डावर ती लावू नये. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत जबड्यापासून ताठरपणा सुरू होतो आणि साधारण बारा तासांत सगळे शरीर ताठते. म्हणून पेटी येण्याची वाट न पाहता डोळे मिटणे, हनुवटीखालून पट्टी बांधणे, पायाचे अंगठे जोडून बांधणे, हात सरळ करणे, अंगठ्या-पाटल्या काढणे हे लगेच करायचे. नंतर बोटे सुजतात आणि अंगठी कापावी लागते.

उंच इमारतींनी आणखी एक अडचण आणली. आठ फुटांची तिरडी चार-पाच फुटी लिफ्टमध्ये जात नाही. मग देह खुर्चीवर बसवून किंवा चादरीत खाली आणायचा आणि तिरडी पार्किंगमध्ये बांधायची. ताठरपणा आल्यावर खुर्चीवर बसवता येत नाही, आणि जिन्याच्या वळणावर चार माणसांची दमछाक होते. सोसायटीत स्ट्रेचर जाईल एवढी एक मोठी लिफ्ट आहे का, हे दुकानदार म्हणूनच आधी विचारतो.

नेत्रदान करायचे असेल तर वेळ सहा तासांचा: पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली होते. मृत्यूआधी भरलेला अर्ज असला तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, आणि एकाने नाही म्हटले तरी महाविद्यालय पुढे जात नाही. देहदानाच्या घरी दुकानातून फक्त हार आणि पांढरे कापड जाते. त्याबद्दल नाराजी दाखवणारा दुकानदार अजून तरी कोणी पाहिलेला नसावा. विमानाने देह न्यायचा तर फॉर्मॅलिनने जतन करून तसे प्रमाणपत्र, पोलिसांचे ना-हरकत आणि सीलबंद पेटी, तिन्ही लागतात.

कराबद्दल एक गैरसमज जुलै २०२२ मध्ये पसरला की स्मशानावर १८ टक्के जीएसटी बसला. अंत्यसंस्कार, दफन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा २०१७ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच कराबाहेर ठेवल्या आहेत. वाढ झाली होती ती स्मशानाच्या बांधकामाच्या कंत्राटांवर. कापूर, तूप, कापड यांच्यावर वस्तू म्हणून कर असतो, त्यामुळे बिलात दोन प्रकारच्या ओळी दिसतात आणि लोक गोंधळतात. बांबूच्या बाबतीत मात्र एक बदल दुकानांच्या फायद्याचा झाला. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि तो आणण्याची कटकट कमी झाली.

दुकानातल्या काही रीती कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, पण त्या टिकल्या आहेत. निघताना ‘पुन्हा या’ म्हणत नाहीत. पैसे आधी मागत नाहीत, आणि उधारी बहुतेक वेळा दहाव्यापर्यंत आपणहून येते. घासाघीस होत नाही. ती होत नाही याचा गैरफायदा घेणारेही निघाले आहेत, विशेषतः रुग्णालयांच्या दारात ‘पूर्ण पॅकेज’ विकणारे. त्यात तूप अर्धे, बांबू वाळका आणि गुरुजींची दक्षिणा आधीच धरलेली. वस्तू एकेक करून लिहिलेले बिल मागावे. पिढीजात दुकान ते देते.

कागदांच्या बाबतीत चांगल्या दुकानांनी अलीकडे एक साधी पद्धत धरली आहे. सामानाच्या पिशवीबरोबर एक प्लास्टिकचे पाकीट देतात, आणि ते अग्नी देणाऱ्याकडे द्यायचे नाही असे बजावतात. कर्ता ओलेत्याने असतो, हातात मडके असते, कागद भिजतो आणि शाई पसरते. पाकीट सुनेकडे, जावयाकडे, शेजाऱ्याकडे, कोणाकडेही, पण एकाच माणसाकडे. त्याने नमुना ४ किंवा ४अ जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा, आपल्याला मिळणारी प्रत मागून घ्यायची, पासावरचे नाव आधार कार्डाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघायचे, स्मशानातली पावती त्यात ठेवायची, आणि दहाव्याच्या आत नोंदणी कार्यालयात जाऊन नमुना ६ च्या आठ-दहा प्रती घ्यायच्या.